कार्निया लिहिलेल्या तीन पेट्या : क्रायसोपाच्या नोंदणीचं एक प्रकरण

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटक संग्रहाची संगणकावर नोंद करायचं ठरलं, तेव्हा फुलपाखरं आणि भुंगे आधीच वाटले गेले होते. माझ्या वाट्याला आले जाळीदार पंखांचे कीटक. म्हणजे पिकांवरचा मावा खाणारा पोपटी क्रायसोपा, त्याचे तपकिरी भाऊबंद आणि पडवीतल्या मऊ मातीत फनेलसारखे खड्डे करून मुंग्या धरणाऱ्या अळ्यांचे प्रौढ. विभागातल्या मामांनी कपाटाच्या खालच्या खणातून तीन पेट्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "मॅडम, ह्या उघडल्याला बरीच वर्षं झाली. आधी पंखा बंद करा, नाहीतर पंख उडून जातील."

पंखा बंद केला. तिन्ही पेट्यांच्या डाव्या कोपऱ्यात एकाच हातानं लिहिलेलं क्रायसोपाचं एकच शास्त्रीय नाव होतं : क्रायसोपर्ला कार्निया. या प्रकरणाचा मोठा भाग त्या नावाचं काय करायचं याचा आहे. पण नावाशी झटापट करता करता मला जे खरं सापडलं ते नावाखालच्या दुसऱ्या चिठ्ठीवर होतं, जिच्यावर गावाचं नाव असतं.

आधी पेट्यांची अवस्था सांगते. दोन पेट्या जुन्या, बुडाला कॉर्क असलेल्या. तिसरी विद्यार्थ्यांनी पदवीच्या वर्षात जमवलेल्या पेट्यांमधून निवडून भरलेली, बुडाला थर्मोकोल. डांबरगोळ्या जिथे टेकल्या होत्या तिथे थर्मोकोल विरघळून खचला होता आणि चार टाचण्या आडव्या पडल्या होत्या. दोन टाचण्यांच्या बुडाशी बारीक तपकिरी भुकटी दिसली. संग्रहात काम करणाऱ्या कुणालाही ती भुकटी बघून पोटात धस्स होतं. मेलेले कीटक खाणाऱ्या अँथ्रेनस भुंगेऱ्याच्या अळीची ती खूण. तिन्ही पेट्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि दोन आठवडे त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

क्रायसोपा जिवंत असताना पोपटी असतो आणि डोळे सोन्याच्या ठिपक्यासारखे चमकतात. टाचणीवर वाळला की तो गवताच्या काडीसारखा फिका पिवळा होतो आणि डोळे काळपट पडतात. पोट सुरकुतून चिंचेच्या शेंगेसारखं वाकडं होतं. शाबूत राहतात ते पंख, आणि पंखांतल्या शिरा. दुर्बिणीखाली पुढच्या पंखाच्या टोकाकडे आडव्या शिरांच्या दोन रांगा दिसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक सरकत गेलेल्या. त्या पायऱ्या मोजायच्या, पंखाच्या मध्यातला छोटा कप्पा तिकोनी आहे का चौकोनी ते पाहायचं, गालावर काळी रेघ आहे का, पायाच्या नखाचं बूड किती फुगीर आहे, मानेवरचे केस फिके की काळे. नर असेल तर पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात घालून मांस विरघळवायचं आणि आतले कठीण भाग पाहायचे. क्रायसोपर्ला या वंशापर्यंत एवढ्यावर खात्रीनं पोचता येतं. पुढे जाता येत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

कार्निया हे नाव १८३६ साली इंग्लंडमध्ये जेम्स फ्रान्सिस स्टीफन्स यांनी दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मांसाच्या रंगाचा. हिरव्या कीटकाला असं नाव विचित्र वाटेल, पण तिकडच्या थंडीत हा कीटक तांबूस-तपकिरी होऊन हिवाळा काढतो. पुढे दीडशे वर्षं युरोप, आशिया, अमेरिका कुठेही असा कीटक मिळाला की त्याच्या चिठ्ठीवर कार्निया लिहिलं गेलं. आपल्याकडे तर हे नाव शेतापर्यंत गेलं. कापसावरचा मावा, तुडतुडे, पांढरी माशी खाणारा मित्रकीटक म्हणून प्रयोगशाळांत कोरसायरा पतंगाच्या अंड्यांवर तो वाढवला गेला, त्याची अंडी शेतात सोडली गेली, आणि माहितीपत्रकांत, पाठ्यपुस्तकांत, प्रश्नपत्रिकांत कार्निया हेच नाव छापलं गेलं. मीही परीक्षेत तेच लिहून गुण मिळवले आहेत.

मग कनेटिकट विद्यापीठातल्या चार्ल्स हेन्री यांनी या कीटकांचं गाणं ऐकायला सुरुवात केली. गाणं कानाला ऐकू येत नाही. कीटक पानावर उभा राहून पोट वरखाली थरथरवतो, ती थरथर पायांतून पानात उतरते आणि त्याच पानावरचा जोडीदार ती पायांनी ओळखून तसंच उत्तर देतो. सवाल-जवाब जुळले तरच पुढचं जुळतं. ताल वेगळा असेल तर दिसायला तंतोतंत सारखे दोन कीटकसुद्धा एकमेकांकडे पाठ फिरवतात. युरोपात एका जातीच्या तालाला संशोधकांनी मोटरबोट असं टोपणनाव दिलं आहे, कारण यंत्रावर नोंदवून ऐकवला की तो तसाच वाजतो. या पद्धतीनं एकट्या कार्नियाच्या नावाखाली दडलेल्या कितीतरी जाती वेगळ्या झाल्या.

२०१० साली हेन्री, लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले स्टीफन ब्रुक्स, बेंगळुरूचे संशोधक वेंकटेशन आणि इतरांनी मिळून एका शोधनिबंधात भारतातल्या पिकांवरच्या क्रायसोपाचा निकाल लावला. हा कार्निया नाहीच. हा क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी. यातली गंमतीची नव्हे, तर मला मनापासून भावलेली गोष्ट अशी, की झास्ट्रोवी आणि सिलेमी ही दोन्ही नावं डेन्मार्कच्या पीटर एस्बेन-पीटरसन यांनीच दिलेली. पहिलं १९२८ साली आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या नमुन्यांवरून, दुसरं १९३५ साली काराकोरमच्या डच मोहिमेतल्या नमुन्यांवरून. त्यांच्या टेबलावर दोन वेगळ्या मुलखांतून आलेले वाळलेले कीटक होते, म्हणून दोन जाती झाल्या. जिवंत कीटकांचा ताल जुळला, म्हणून पंचाहत्तर वर्षांनी सिलेमी ही झास्ट्रोवीची उपजात ठरली. नकाशावर बघा : ज्याला आपण युरोपचा समजत होतो त्याचं सगळ्यात जवळचं नातं निघालं आफ्रिकेशी.

सिलेमी हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते जेरोम सिलेम १९२९-३० च्या त्या मोहिमेत पक्षी गोळा करत होते. त्यांनी १९२९ मध्ये आणलेले डोंगरी फिंचचे दोन नमुने ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात दुसऱ्याच जातीच्या नावाखाली पडून राहिले. १९९२ साली पक्षीशास्त्रज्ञ रोसेलार यांच्या लक्षात आलं की ही स्वतंत्र जात आहे, आणि तिलाही सिलेमचं नाव मिळालं. एकाच माणसाच्या नावाचे दोन जीव, आणि दोन्हींची ओळख पटायला साठ वर्षांहून जास्त काळ लागला. दोन्ही वेळा नमुना टिकला होता आणि तो कुठून, कधी आला ते लिहिलेलं होतं, म्हणून दुरुस्ती होऊ शकली.

आता आमच्या तीन पेट्या. सगळ्यात सोपा मार्ग होता संगणकात कार्निया शोधून सगळीकडे झास्ट्रोवी सिलेमी टाकायचं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीनं तेच सुचवलं : "मॅडम, पेपरमध्ये सरळ लिहिलंय ना, भारतातला तो हाच." तिचं चूक नव्हतं, पण मला ते पटलं नाही. टाचणीवरचा कीटक गात नाही. शिवाय त्या पेट्यांतले सगळेच नमुने शेतातले नव्हते. घाटातले होते, जंगलातल्या विश्रामगृहाच्या दिव्यावर आलेले होते, आणि दोन तर वंशानंच निराळे निघाले. ते मल्लाडा होते, ज्याच्या अळ्या पाठीवर कचऱ्याचं गाठोडं घेऊन हिंडतात. क्रायसोपर्लाची अळी उघडीच असते. पूर्वीच्या एका चुकीच्या सरसकट नावावर दुसरं सरसकट नाव चढवलं असतं, तर पन्नास वर्षांनी कुणालातरी हेच काम पुन्हा करावं लागलं असतं.

म्हणून आम्ही असं केलं. पिकावरून गोळा केलेले, ज्यांच्या गालाची रेघ, नख आणि केस प्रकाशित वर्णनाशी जुळले, त्यांच्यापुढे झास्ट्रोवी सिलेमी लिहिलं आणि ही ओळख बाह्य लक्षणांवरून केली आहे असं पुढच्या रकान्यात नमूद केलं. बाकीचे कार्निया गट एवढ्यावर थांबवले. जुनी चिठ्ठी एकाही टाचणीवरून काढली नाही. नवी चिठ्ठी तिच्या खाली लावली. नावावर आमची सही आणि वर्ष घातलं, कारण नाव म्हणजे त्या दिवशी, त्या माणसानं दिलेलं मत.

जुनी चिठ्ठी ठेवण्याबद्दल मी इतकी आग्रही का, त्याला कारण आहे. माझ्या आधी कधीतरी इथे संग्रह नीटनेटका करायची मोहीम झाली होती. कुणीतरी हौसेनं जुन्या शाईच्या, वेड्यावाकड्या, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या काढून सुबक छापील चिठ्ठ्या लावल्या. छापील चिठ्ठीवर जातीचं नाव ठळक, मोठ्या अक्षरात, आणि खाली फक्त 'महाराष्ट्र'. मूळ चिठ्ठ्या फेकल्या गेल्या. तिसऱ्या पेटीतली अख्खी एक रांग अशी आहे. जे नाव आज चुकीचं ठरलंय ते सुवाच्य छापलेलं, आणि गाव, तारीख, पीक हे जे कधीच चुकीचं ठरलं नसतं ते कायमचं गेलं. ती रांग बघताना मला आजही वाईट वाटतं. त्या नमुन्यांना क्रमांक दिले, पण नकाशावर ठिपका दिला नाही.

ठिकाणांचं काम सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, हा सोपा भाग. गावाचं नाव बघायचं, अक्षांश-रेखांश काढायचे, भरायचे. पहिल्याच दिवशी 'वडगाव' समोर आलं. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत, ते ज्यानं कधी पत्ता शोधलाय त्याला सांगायला नको. मग 'दक्षिण सातारा'. विद्यार्थिनीला वाटलं साताऱ्याचा दक्षिण भाग, म्हणजे कराड-पाटण. पण १९४९ ते १९६० या काळात दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हाच होता, तोच आजचा सांगली. 'कुलाबा' बघून मुंबईतलं कुलाबा भरलेलं मी वेळेवर पकडलं. १९८१ पर्यंत आजच्या रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आणि चिठ्ठीवर पीक भात लिहिलेलं होतं. तसंच लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. आता तर उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणून आम्ही ठिकाणाचे दोन रकाने केले. एकात चिठ्ठीवर जसं आहे तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट, एकही अक्षर न बदलता. दुसऱ्यात आज आम्ही त्याचा लावलेला अर्थ.

या सगळ्यात एका नमुन्यानं माझे जवळजवळ चार दिवस खाल्ले. पहिल्या पेटीत तिसऱ्या रांगेतली मादी, उजवा मागचा पंख अर्धा तुटलेला. चिठ्ठीवर निळ्या शाईत इंग्रजीत एवढंच : रत्नागिरी, ३.४.७४, दिव्यावर. गोळा करणाऱ्याची फक्त आद्याक्षरं. वरकरणी सगळं आहे. ठिकाण, तारीख, पद्धत. पण ३.४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? त्या काळी पुस्तकं वाचून कुणी अमेरिकी पद्धतीनं आधी महिना लिहायचं. म्हणूनच कीटकशास्त्रात महिना रोमन आकड्यात लिहायची शिस्त आहे. आणि रत्नागिरी म्हणजे शहर की जिल्हा? सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. १९७४ साली सावंतवाडी, मालवण, आंबोली सगळं रत्नागिरीतच. हा कीटक समुद्रकाठच्या शहरातला की घाटमाथ्यावरच्या आंबोलीतला, यानं वितरणाच्या नकाशाचा अर्थच बदलतो.

मी तीच आद्याक्षरं आणि तीच निळी शाई शोधत दुसऱ्या कपाटांकडे वळले. क्रायसोपाच्या पेटीत उत्तर नसेल तर पतंगांच्या पेटीत असेल. दिव्यावर बसणारा माणूस एकाच गटाचे कीटक धरत नाही. मामांनी पतंगांच्या पेट्या एकेक करून काढून दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एका तपकिरी पतंगाखाली तेच अक्षर दिसलं : आंबोली, ३१.३.७४, दिव्यावर. एकतिसावा महिना नसतो. म्हणजे हा माणूस दिवस आधी लिहायचा आणि आपली तारीख ३ एप्रिल. शिवाय तीन दिवस आधी तो आंबोलीत होता. मी आणि मामा एकमेकांकडे बघून हसलो.

पण पुढचं पाऊल मी टाकलं नाही. तीन दिवस आधी आंबोलीत होता म्हणून ३ एप्रिललाही आंबोलीतच असेल, असं म्हणता येत नाही. उलट आंबोलीला 'आंबोली' लिहिणारा माणूस तीन दिवसांनी 'रत्नागिरी' लिहितो, तर त्याला शहरच म्हणायचं असेल, असाही तर्क करता येतो. दोन्ही तर्क तितकेच बरे. म्हणून नोंदीत तारीख पक्की केली, ठिकाण मात्र जुना रत्नागिरी जिल्हा असं ठेवलं, आणि अचूकतेच्या रकान्यात शंभर किलोमीटरहून मोठी त्रिज्या लिहिली. नकाशा काढणाऱ्या प्रणालीत ठिपक्यासोबत ही त्रिज्या देता येते. बहुतेक लोक तो रकाना मोकळा सोडतात आणि मग सगळे ठिपके सारखेच खरे दिसायला लागतात.

ठिपके पडल्यावर नकाशा बघितला. आमचे नमुने तीन ठिकाणी दाटीवाटीनं बसले होते : कॉलेजचा फार्म, मुलांचं वसतिगृह आणि रेल्वेमार्गालगतची गावं. क्रायसोपा रेल्वेनं जात नाही. विद्यार्थी जातात, आणि सुट्टीत घरी गेल्यावर पडवीच्या दिव्यावर आलेले कीटक पेटीसाठी धरतात. मेळघाट, गडचिरोली, सातपुडा या भागांत एकही ठिपका नाही. तिथे हा कीटक नाही असं नकाशा सांगत नाही, तिथे आमचं कुणी गेलं नाही एवढंच सांगतो. म्हणून मी अहवालात नमुने कुठून आले याचा नकाशा आधी दिला आणि जातींचा नंतर.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दुसऱ्या पेटीच्या तळाशी होतं. तिथे तपकिरी, डाळीच्या दाण्याएवढे, पंख छपरासारखे मिटलेले कीटक. मायक्रोमस इगोरोटस. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागातल्या उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता कृष्णाकाठ पांढरा झाला, ते वर्ष ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. पानाखाली कापसासारखा थर, खाली चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. तेव्हा डिफा (हा पतंग, याची अळी मावा खाते) आणि मायक्रोमस ही दोन नावं उसाच्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. मायक्रोमसची अळी आणि प्रौढ दोघंही मावा खातात. लोक मायक्रोमस असलेली उसाची पानं एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधायचे. आमच्या पेटीतले सगळे मायक्रोमस २००२ नंतरचे आणि सगळे उसावरचे. त्याआधीचा एकही नाही. मग तो २००२ मध्ये आला का? नाव तर फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरच्या इगोरोट लोकांवरून पडलंय, १९२० साली नेथन बँक्स यांनी दिलेलं. पण आमच्या पेटीवरून तो बाहेरून आला असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्याआधी उसाची पानं उलटी करून मायक्रोमस आमच्याकडच्या कुणी शोधलाच नव्हता. मल्लाडाच्या बाबतीतही असंच. जुन्या चिठ्ठीवर बोनिनेन्सिस, म्हणजे जपानच्या बोनिन बेटांवरून. आता त्याला मल्लाडा देसजार्दिन्सी म्हणतात. कीटक आपल्याच झाडांवरचा, नावं मात्र बेटाबेटांची.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. क्रायसोपाची मादी पानावर केसासारखा उभा देठ काढून त्याच्या टोकावर एकेक अंडं ठेवते, म्हणजे आधी निघालेल्या अळीनं शेजारचं अंडं खाऊ नये. कोरियात बुद्धमूर्तीवर अशी अंडी दिसली की भाविक त्यांना उदुंबराचं फूल समजतात. आपल्याकडे दुर्मिळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. पेटीत एका टाचणीला वाळक्या वांग्याच्या पानाचा तुकडा लावला होता आणि त्यावर असे पाच देठ अजून उभे होते. अंडी फुटून गेलेली. तो तुकडा मी स्वतंत्र क्रमांक देऊन नोंदवला, कारण पानाचा पुरावा कीटकाच्या पुराव्याइतकाच मोलाचा.

आता सगळ्या नोंदी जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जाण्यासाठी तयार आहेत. नुसतं 'महाराष्ट्र' लिहिलेली रांग वगळून. या पावसाळ्यापासून कापसावरून नवे नमुने आणतो तेव्हा प्रत्येकाचा एक पाय अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला डीएनए पाहायचा असेल तर पूर्ण कीटक मोडावा लागणार नाही.

निळ्या शाईच्या माणसाचा पत्ता मामांनी लावला. ते इथेच शिकवायचे, आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, "बाबांच्या वह्या गावच्या घरी माळ्यावर ट्रंकेत आहेत. कुणी उघडली नाही अजून. दसऱ्याला गावी जाणार आहे तेव्हा बघतो, ताई." मी त्याला एवढंच सांगितलं, की ७४ सालचा एप्रिल असलेलं पान सापडलं तर फाडू नका, फोटो काढून पाठवा, आणि वहीला वाळवी लागली असेल तर झटकू नका, तशीच कागदात गुंडाळून ठेवा, मी न्यायला येते.